ओरिजनल टाकू का चालन तसं?

माझ्या गाडीचं डावं साइड पॅनल मागच्या पावसाळ्यात राजूर घाटात उडालं. उतारावर एका वळणाला ‘खट्’ असा आवाज आला, पण मी थांबलो नाही. त्या गाडीवर काही ना काही खट् होतच असतं आणि प्रत्येक खटला थांबायचं म्हटलं तर बुलढाणा-मलकापूर हे माझं रोजचं अपडाऊन रोजचं राहणार नाही, आठवड्याचं होईल. मोताळ्याला चहाला उतरलो तेव्हा टपरीवरचा एक जण बोट दाखवून म्हणाला, “सर, तुमच्या गाडीचं पोट उघडं हाये.” पाहिलं तर बॅटरी, तिच्याभोवतीची वायरींची गुंतवळ आणि ज्याच्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला होता ते हरवलेलं पिवळं फडकं, सगळं चारचौघांत आलेलं.

गाडीचं नाव सांगत नाही. कंपनीचा यात काही दोषही नाही. तिने गाडी 2006 साली विकली. ती मी इतकी वर्षं चालवणार आहे याची कल्पना शोरूममध्ये कुणाला दिली नव्हती. शिवाय नाव घ्यावं इतकं कंपनीचं तिच्यात आता उरलेलंही नाही. आजीच्या वाकळीत मूळचं लुगडं कुठलं ते शोधावं लागतं, तसं ते शोधावं लागतं.

आमच्या जिल्ह्यात मोटारसायकलींचे दोनच प्रकार मानतात. जिच्यावर दुधाच्या कॅन लटकवता येतात ती गाडी, आणि जिच्यावर येत नाहीत ती स्पोर्ट्स. 2006 साली मला पहिली नोकरी लागली. ‘धूम’ येऊन दोन वर्षं झाली होती आणि चिखलीपासून मलकापूरपर्यंतची पोरं लुनासुद्धा वाकून चालवत होती. मी स्पोर्ट्स घेतली. वडिलांनी गाडीला एक फेरी मारली, मागच्या सीटवर हात ठेवला आणि विचारलं, “सोयाबीनचा कट्टा कुठं ठेवायचा?” मी म्हटलं, ही कट्ट्यासाठी नाही. त्यावर ते “मग कशासाठी?” एवढंच म्हणाले. त्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं राहिलंय.

तेव्हा त्या गाडीवर पोटाशी टाकी धरून बसलं की वाघावर बसल्यासारखं वाटायचं. आज तसंच बसलं की एमआरआय करून घ्यावा असं वाटतं. गाडी आणि कंबर दोन्ही एकाच सालापासून झिजत आल्या. फरक इतकाच, की गाडीचे शॉकप मिळतात. आणखी एक गोष्ट: या गाडीला किक नाही, नुसता सेल्फ. किक मारणं स्पोर्टी दिसत नाही असं तेव्हा कुणाला तरी वाटलं असावं. बॅटरी उतरली की धक्का, दुसरा उपाय नाही. त्यामुळे इतरांसारखी सावली पाहून मी गाडी लावत नाही, उतार पाहून लावतो. बुलढाणा डोंगरावरचं गाव आहे, उताराला तोटा नाही, म्हणून इतकी वर्षं निभावलं. घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याच्या सपाटीला राहत असतो तर ही गाडी 2010 सालीच भंगारात गेली असती.

आमचे मिस्त्री मात्र घाटाखालचेच. नांदुऱ्याकडचे, बुलढाण्याला टपरी टाकून पस्तीसेक वर्षं झाली. तेही याच रोगाचे जुने रुग्ण. त्यांचं शिकणं झालं राजदूत 350 वर. नव्या वाचकांना सांगायला हवं, राजदूत म्हणजे एरवी दूधवाल्यांची गाडी. तिची धाकटी, बुटकी बहीण 1973 च्या ‘बॉबी’त झळकली आणि तेवढ्यावर गाजली. पण 1983 मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी 350 वरून जी बनवली, ती वेगळीच चीज होती: 347 सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. ज्या देशात मोटारसायकल घेताना पहिला प्रश्न ‘किती देते?’ हा असतो, तिथं ही गाडी देत नव्हती, पीत होती. दशक सरता सरता ती बंदही झाली. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे आली ती ड्रम ब्रेक घेऊन. मिस्त्री अजूनही तिचं वर्णन एका वाक्यात करतात, “पयाले जपानी, थांबाले गावरान.”

खामगावच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलाकडे ती होती आणि मिस्त्री तेव्हा पोऱ्या म्हणून पाना देण्याच्या कामावर होते. तिचं मुख्य दुखणं क्रँकचं ऑईल सील. ते गेलं की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑईल ओढून पिऊ लागतं आणि मागून असा पांढरा धूर निघतो, की डास मारायला नगरपालिकेची गाडी आली असं समजून लोक खिडक्या लावतात. शिवाय कार्बोरेटर दोन. दोघांनी सारखं ओढलं पाहिजे, नाहीतर बैलजोडीत एक खोंड आणि एक म्हातारा जुंपल्यासारखं होतं. ते जुळवायला तेव्हा यंत्र नव्हतं. मिस्त्रींचे उस्ताद दोन्ही सायलेन्सरांच्या मागे दोन तळहात धरून डोळे मिटून बसायचे. “माह्या उस्तादाचे हात नाडी पाहाचे,” मिस्त्री सांगतात. त्यामुळे माझ्या एका सिलिंडरच्या गाडीकडे ते जरा वरूनच पाहतात. एमडी डॉक्टरकडे पडसं घेऊन गेल्यासारखं मला वाटतं.

पॅनल उडाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी उघड्या पोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी मेन स्टँडवर लावली, मागच्या सीटवर पोऱ्याला बसवलं, पुढचं चाक अधांतरी केलं आणि हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे सोडलं. हँडल फिरलं, आणि बरोबर मधोमध ‘टक्’ करून थांबलं, जसं काही तिथं त्याचं घर आहे.

“कोन सेट गेला, सर.”

कोन सेट म्हणजे हँडलच्या मानेत वर-खाली बसवलेल्या वाट्या आणि त्यात फिरणारे बारीक छर्रे. मिस्त्रींनी मान उघडली, खालची वाटी काढली, रॉकेलात बुडवून फडक्याने पुसली (तेच, पिवळं) आणि माझ्या तळहातावर ठेवली. वाटीच्या कडेला आत ओळीने खळगे पडलेले, उडदाच्या दाण्याएवढे, इतके सारखे की सोनाराने ठोकलेत असं वाटावं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा पुढच्या चाकातून वर येतो, छर्ऱ्यांवर आदळतो, आणि छर्रा वाटीत आपलं घर करतो. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून घर मधोमध होतं. मग हँडल त्या घरातून निघायला मागत नाही. मी त्या खळग्यांवरून नख फिरवलं. मलकापूर रस्त्याची अठरा वर्षं त्यात कोरलेली होती. बांधकाम खात्याने रस्त्याचा इतिहास कुठं लिहून ठेवला असेल-नसेल, माझ्या गाडीने ठेवला होता.

“म्हणूनच गाडी वळणाला अडून राहते का?”

“अडत नाई. तिले वाटते सरळच जा,” मिस्त्री म्हणाले, “तुमीच वळवता.” आणि लगेच तो प्रश्न आला, जो जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांत जुन्या गाडीच्या मालकाला विचारला जातो, “ओरिजनल टाकू का चालन तसं?”

या प्रश्नाची रचना नीट पाहा. ‘ओरिजनल का लोकल’ असा तो नाही. लोकल म्हटलं की माणूस दुखावतो. ‘चालन तसं’ म्हटलं की त्यात आशा आहे. वस्तू कुठली हे त्यात सांगितलेलं नाही, चालेल एवढंच सांगितलंय. किती दिवस, तेही नाही. मी आयुष्यात प्रत्येक वेळी खिशात हात घालून मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हटलं, ओरिजनलच टाका. आणि प्रत्येक वेळी मिस्त्री म्हणाले, “ओरिजनल भेटत नाई आता.” मग विचारता कशाला? तर विचारायचं असतं. पाहुण्याला जेवून जा म्हणतात, तसं.

खरी खेळी सुरू होते ती यानंतर. जुन्या गाडीचा पार्ट खामगावात नसेल तर अकोल्यात, अकोल्यात नसेल तर संभाजीनगरला, तिथंही नसेल तर पुण्याच्या नाना पेठेत. नाना पेठेत नसला तर दिल्लीच्या करोलबागेत असतोच म्हणतात, पण तिथवर पोचलेला बुलढाण्याचा माणूस माझ्या पाहण्यात नाही. नाना पेठेतल्या दुकानदाराला फोन लावला की तो आधी साल विचारतो. 2006 म्हटलं की तो विचारतो, “जुनं की नवीन?” 2006 मध्ये जुनं आणि नवीन असं काय असतं, हे मला रेक्टिफायर मागवेपर्यंत माहीत नव्हतं. वर्षाच्या मध्यात कंपनीने एक कपलर बदलला होता. “चार पिन की पाच पिन?” मी गाडीपाशी उकिडवा बसून पिना मोजल्या. चार होत्या. पाचवी तुटलेली असू शकते, असं पलीकडून सांगण्यात आलं. फोटो पाठवला. त्यावर ‘ओके’ आलं. मग पैसे, आणि मग तो पार्ट साडीच्या खोक्यात बसून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाला. पहाटे साडेचारला बसस्टँडजवळ हातात टॉर्च घेऊन मी उभा. दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ मुलीच्या सासरहून येणारी आंब्याची पेटी घ्यायला आलेले. माझं खोकं पाहून त्यांनी आपुलकीने विचारलं, “लग्न आहे का?”

त्या रेक्टिफायरचं प्रकरण वेगळं सांगावं लागेल. मिस्त्री त्याला आरआर म्हणतात. इंजिन फिरताना मॅग्नेट-कॉइलमधून जी वीज निघते, ती सरळ करून बॅटरीला जेवढी पचेल तेवढीच द्यायची, हे त्याचं काम. चांगली बॅटरी गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या जरा वर दाखवते, चालू गाडीत 14 च्या आसपास. आरआर बिघडला की दोनच गोष्टी होतात: तो उपाशी ठेवतो, नाहीतर कोंबून घालतो. माझ्या आरआरने आधी कोंबलं, त्यात हेडलाइटचा बल्ब गेला. मग उपाशी ठेवलं, त्यात बॅटरी गेली. हे दोन्ही एकाच संध्याकाळी, खामगावहून परत येताना, बोथ्याच्या जंगलात.

तो ज्ञानगंगा अभयारण्याचा भाग. अस्वलं आहेत, बिबटे आहेत. लाइट नाही, हॉर्न नाही, किक नाही आणि नेमका तिथं चढ. मोबाइलचा उजेड दाखवत दीड किलोमीटर गाडी ढकलली. ढकलताना मला सारखा तो वाघ आठवत होता. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ तेलंगणातून फिरत फिरत 2019 मध्ये याच ज्ञानगंगेत येऊन पोचला होता. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हिशेब लागला. सगळं मिळून चालणं झालं तीन हजार किलोमीटरांच्या वर. त्याला ‘वॉकर’ असं नाव पडलं. तीन हजार किलोमीटर, आणि मध्ये एकदाही सर्व्हिसिंग नाही! माझी गाडी तेवढ्यात दोनदा ऑईल, एकदा क्लच प्लेटा आणि निदान तीन बल्ब मागते. शेवटी खामगावकडून आलेल्या एका टेम्पोवाल्याने गाडी मागे चढवली आणि बुलढाण्यात उतरवताना म्हणाला, “एवढ्या रातच्याले अशी गाडी घेऊन फिरत नसतात, काका.” अठरा वर्षांत त्या गाडीवर बसलेल्या मला कुणी काका म्हणालं नव्हतं. आरआर पुण्याहून आला, तो घाव तसाच आहे.

बाकीची दुखणी भराभर सांगतो. पुढच्या शॉकपची ऑईल सीलं गळतात आणि ते ऑईल दांडीवरून ओघळून थेट डिस्कवर जातं. म्हणजे घाटात नेमक्या उतारावर ब्रेक दाबावा तर चाकाला मालीश. हे मात्र चेष्टेवारी नेऊ नये. दांडीवर ओलसर चकाकी दिसली की त्याच दिवशी सील बदलावं. चेन आणि चक्र्या एकदम बदलाव्या लागतात. मी एकदा काटकसर म्हणून नुसती मागची चक्री नवी घातली, तर जुन्या चेनने तिला सहा महिन्यांत आपल्यासारखी करून घेतली, दाते असे वाकडे की कोयतीची पाती वाटावीत. क्लच प्लेटा घसरतात तेव्हा इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवर. पुष्कळ सभा मी अशा पाहिल्यात. कार्बोरेटरच्या पायलट जेटचं भोक इतकं बारीक असतं, की गाडी आठवडाभर उभी राहिली तरी आत साचलेल्या चिकट पेट्रोलनं ते बुजतं. मिस्त्री ते ब्रेक वायरची एक तार सोलून साफ करतात. तसं करू नये, भोक मोठं होतं, असं वाचलेलं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “वाचणाऱ्याची गाडी कोनाकडं असते?”

आता त्यात 20 टक्के इथेनॉलची भर पडलीय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या-वॉशरांना ते मानवत नाही. ऊस, मका, तांदूळ यांतून ते बनतं. मका आमच्याकडे बक्कळ पिकतो. म्हणजे शेतकऱ्याचा फायदा, त्यामुळे उघड कुरकुर करता येत नाही. अर्धं सासर शेतीत आहे. मिस्त्रींनी निदान केलं, “म्हातारपनी मका पचत नाई.”

मागच्या उन्हाळ्यात मात्र त्यांनी इंजिन उतरवायचंच ठरवलं. दिवस होता अक्षय्य तृतीयेचा, आणि हा योगायोग मी मुद्दाम जुळवलेला नाही. आमच्या जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. तिथं त्या दिवशी संध्याकाळी शेतात घटमांडणी होते: गोल आखून 18 धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, वर पापड, पुरी, भजी, करंजी. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. सकाळी कोणतं धान्य कुठं सरकलं, ढेकूळ किती भिजलं, हे पाहून पाऊसपाणी, पिकं आणि देशाचा राजा यांचं भाकीत सांगतात. तीनशेहून जास्त वर्षांची परंपरा म्हणतात. कुणी मानतं, कुणी नाही, पण दुसऱ्या दिवशी पेपरात सगळे वाचतात.

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी टपरीत बारदान अंथरलं. त्यावर माझं इंजिन: मध्ये ब्लॉक-पिस्टन, भोवती क्लच प्लेटा, टायमिंग चेन, वॉल्व्ह, गॅसकिटं, स्प्रिंगा. बाजूला जुन्या ऑईलची घमेली. पोऱ्याने जेवणाच्या डब्यातला पापड नेमका ब्लॉकवर ठेवला, तो कुणी उचलला नाही. शटर ओढलं. “उद्या सकाळी सांगतो,” मिस्त्री म्हणाले.

मी सकाळी सातलाच हजर. शटर वर गेलं. मिस्त्री उकिडवे बसले, बारदानाभोवती नजर फिरवली, घमेल्यातल्या ऑईलमध्ये बोट बुडवून अंगठ्यावर चोळून पाहिलं. त्यात चांदीसारखा बारीक चुरा चमकत होता. चांदी खामगावच्या सराफ्यात चमकावी, इंजिन ऑईलमध्ये नाही. मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली, तोंडात खर्रा असल्यामुळे अगदी तोलून.

“क्लच साधारन. टायमिंग चेन मध्यम, आवाज करन पन चालन. वायरिंगले पावसात धोका हाये. रिंगा गेल्या, ऑईल चाटून राह्यली गाडी. वॉल्व्ह मोघम.”

“आणि पिस्टन?”

त्यांनी पिस्टन उचलून उजेडात धरला. बाजूने उभ्या रेघा पडलेल्या. बराच वेळ पाहिला.

“राजा कायम हाये,” ते म्हणाले, “पन गादी हलून राह्यली.”

नवी ब्लॉक-पिस्टनची किट, रिंगा आणि गॅसकिटांचा सेट मिळून झालेला खर्च मी घरी सांगितलेला नाही आणि इथं लिहिला तर तो घरी कळेल.

तर अशा रीतीने गाडी उभी आहे. 2021 साली पंधरा वर्षं झाली म्हणून आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण केलं. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, नंबर उमटला. त्या क्षणी लक्षात आलं, की चेसिस सोडलं तर त्या गाडीत पेन्सिल घासण्यासारखं मूळचं काही राहिलेलं नाही. पुढे 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. लेझरने कोरलेला नंबर आणि एकदा बसवलं की निघत नाही असलं लॉक. माझ्या गाडीवर अस्सल म्हणता येईल अशी हीच एक वस्तू. एमएच 28 ची बाकी कुठलीही गोष्ट राजूर घाटात निखळेल, ही निखळणार नाही.

वेगाची हौस मात्र अजून गेलेली नाही. आमच्या जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेडराजाच्या अंगाने, 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. ताशी 120 ची मुभा, एक खड्डा नाही, एक म्हैस नाही. जन्मभर अशा रस्त्याची वाट पाहिली, आणि तो घरापासून तासा-दीड तासावर आला. त्यावर दुचाकीला बंदी आहे. मी एकदा सिंदखेडराजाला जिजाऊंच्या वाड्यावर गेलो होतो, परत येताना समृद्धीवरच्या पुलावर गाडी लावली (उतारावर) आणि मुलीला खाली सुसाट जाणाऱ्या गाड्या दाखवल्या. तिने थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, “बाबा, आपली गाडी स्पोर्ट्स ना? मग कोणत्या खेळाची?”

मला सुचलं नाही. मिस्त्रींना विचारलं. त्यांनी क्षणभरही लावला नाही. “कबड्डी. दम सुटाच्या आंधी घरी वापस या लागते.”

पॅनलचं राहिलंच. ते सापडलं. दिवाळीनंतर एकदा घाटाच्या पायथ्याशी, राजूरच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्या मावशींच्या रांजणावर एक काळं झाकण, त्यावर चांदीच्या रंगाचा पट्टा, त्यावर ‘स्पोर्ट’ या इंग्रजी शब्दाची शेवटची तीन अक्षरं. मी ओळखलं. माझंच. वर स्टीलचा पेला उपडा घातलेला.

“मावशी, हे माझ्या गाडीचं आहे.”

मावशींनी आधी माझ्याकडे, मग गाडीच्या उघड्या पोटाकडे पाहिलं. तिथं मी एक पुठ्ठा सुतळीने बांधला होता. त्यांना पटलं. “न्या ना मंग, तुमचं असन तं. पन सांगू का दादा, पयले ताटली ठेवत होतो, वाऱ्यानं उडे. फळी ठेवली, तिले वाळवी लागली. हे असं गच्च बसते पाहा.” आणि त्यांनी ते उचलून पुन्हा बसवून दाखवलं. ‘टप्’ असा आवाज आला आणि ते हललं नाही. मी स्वतः हलवून पाहिलं. शोरूममधून आल्या दिवसापासून ते पॅनल माझ्या गाडीवर एकदाही इतकं नीट बसलेलं नव्हतं.

चहाचे दहा रुपये दिले आणि निघालो.

तेव्हा कुणाच्या घरी, गोठ्यात, माळ्यावर 2006 च्या मॉडेलचं डाव्या बाजूचं साइड पॅनल पडलं असेल आणि त्याने काही झाकलेलं नसेल, तर बुलढाण्याला आमच्या मिस्त्रींच्या टपरीवर आणून ठेवावं. मॉडेल जुनं का नवीन ते पाहू नका. काळं असेल तर बरं, लाल असलं तरी रंगवून घेऊ. ओरिजनल नसलं तरी चालन.